सबलोडवर निघताय? निवृत्त एअरलाइन मंडळींनी या चुका टाळा

सबलोड म्हणजे स्टाफचं सवलतीचं तिकीट, सीट उरली तरच जागा. त्यावर निघालेले निवृत्त एअरलाइन कर्मचारी विमानतळावर अडकतात ते बहुतेक वेळा जुन्या माहितीच्या भरवशावर निघाल्यामुळे. कुठल्या फ्लाइटला लोड (म्हणजे गर्दी) कमी असतो, काउंटर कधी बंद होतं, ड्यूटी मॅनेजरला कधी गाठायचं, हे आपल्याला पाठ असतं, पण ते आपल्या काळातलं. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेजचं विमान शेवटचं उडालं. 27 जानेवारी 2022 ला एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली आणि 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा तिच्यात विलीन झाली. पॅसेजचा, म्हणजे सवलतीच्या प्रवासाचा, अर्ज हातात घेऊन सेक्शनमध्ये जायचे दिवस मागे पडले. आता सगळा कारभार कंपनीच्या पोर्टलवर चालतो आणि काउंटरवरची मुलं आपल्याला ओळखत नाहीत.

मी चेक-इनला नोकरी केली. आता ओळखीतल्या निवृत्तांच्या प्रवासाच्या अडचणी सोडवायला मदत करतो. चुका त्याच त्या असतात. वाईट याचं वाटतं, की त्यातल्या बहुतेक घरबसल्या टाळता आल्या असत्या.

रिकाम्या सीट मोजून निघणं

पोर्टलवर वीस सीट रिकाम्या दिसल्या, आपण दोघं, म्हणजे जागा मिळणारच, हा हिशोब सगळ्यात जास्त फसतो. लांब पल्ल्याच्या विमानात सीटपेक्षा वजन महत्त्वाचं असतं. पल्ला वाढला की इंधन जास्त घ्यावं लागतं, आणि ते घेतलं की माणसं आणि सामान कमी करावं लागतं. अशा वेळी सीट रिकामी ठेवून विमान निघतं आणि सबलोडवाले खाली राहतात. 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि युरोप-अमेरिकेच्या वाटा लांबल्या. एअर इंडियाने 1 सप्टेंबर 2025 पासून दिल्ली-वॉशिंग्टन थांबवली, त्यामागच्या कारणांत हेही होतं. त्यात हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना समोरून जोराचा वारा असतो. म्हणून जानेवारीत अमेरिकेला निघणाऱ्याने रिकाम्या सीटच्या आकड्यावर विसंबू नये. त्या विमानतळाच्या स्टाफमध्ये कोणी ओळखीचं असेल तर 'पेलोडची (म्हणजे वजनाची) अडचण आहे का?' एवढाच प्रश्न विचारावा.

दुसरी गोष्ट, फक्त आपल्या दिवसाचा लोड बघू नका. मागच्या दोन दिवसांत त्या मार्गावरची एखादी फ्लाइट रद्द झाली असेल, तर तिचे प्रवासी आपल्या फ्लाइटवर येणार. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा देशांतर्गत मार्गांवर बाकीच्या कंपन्यांचीही विमानं भरून गेली. अशा दिवसांत घरी थांबणं हाच शहाणपणा.

तिसरी, रांगेतली आपली जागा. बहुतेक कंपन्यांत आधी कामावर असलेले कर्मचारी, मग निवृत्त आणि त्यानंतर झेड फेअरवर (एअरलाइन्सनी एकमेकींच्या स्टाफला दिलेल्या सवलतीच्या भाड्यावर) आलेले दुसऱ्या एअरलाइनचे लोक, असा क्रम असतो. आपल्या पुढे किती नावं लागली आहेत हे कळल्याशिवाय रिकाम्या सीटच्या आकड्याला काही अर्थ नाही. मे महिन्यात आणि दिवाळीत ही रांग कशी वाढते हे वेगळं सांगायला नको.

दोघांचं नाव एकाच पीएनआरवर ठेवून गप्प बसणं

काउंटर बंद होतं, ड्यूटीवरचा माणूस यादी काढतो आणि नावं पुकारायला लागतो. सीट उरलेली असते एक. यादीत पहिलं नाव तुमचं, पण पीएनआरवर दोघं. त्याच्याकडे विचारपूस करायला वेळ नसतो, गेट बंद व्हायला आलेलं असतं. तो तुम्हाला ओलांडून पुढच्या एकट्या माणसाला बोलावतो. हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने अनेकदा पाहिलं आहे, आणि त्या माणसाचा त्यात दोष नसतो.

म्हणून घरीच ठरवा. एकाला जागा मिळाली तर एकाने पुढे जायचं का? लेकीचं बाळंतपण तोंडावर आलेलं असेल तर आईने पुढे जावं आणि बाबांनी दुसऱ्या दिवशी यावं, हे चालण्यासारखं आहे. पण दोघांपैकी एकाला ऐकू कमी येत असेल किंवा एकट्याने कनेक्शन बदलणं जमणार नसेल, तर वेगळं व्हायचं नाही. वेगळं जायची तयारी असेल तर नावं वेगवेगळ्या पीएनआरवर लावा, किंवा काउंटरवर पोचल्या पोचल्या तसं स्पष्ट सांगा. वेगळं जायचं असेल तर प्रत्येकाच्या हातबॅगेत स्वतःची औषधं, पासपोर्ट, चष्मा आणि थोडे पैसे हवेत. सगळ्या गोळ्या एकाच डब्यात आणि तो डबा सुटकेसमध्ये, हे नेहमीचं दृश्य आहे.

नावं पुकारली जातात तेव्हा काउंटरसमोर उभं राहायला हवं. चहा घ्यायला गेलात की तुमचं नाव मागे पडतं. व्हीलचेअर लागणार असेल तर ती नाव लावतानाच मागून ठेवा. मुंबईच्या टी-2 वर सीट मिळाल्यानंतर सिक्युरिटी, इमिग्रेशन आणि गेटपर्यंतचं चालणं हे सगळं उरलेल्या वेळात उरकायचं असतं, आणि सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांना ते झेपत नाही.

व्हिसाच्या शेवटच्या आठवड्यात परतीचं नाव लावणं

या चुकीची किंमत सगळ्यात मोठी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्कामाची मुदत ठरते आय-94 वर, म्हणजे तिथे उतरताना होणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीवर. ती साधारण सहा महिन्यांची मिळते. कन्फर्म तिकीटवाला पाच महिने पंचवीस दिवस राहून निघू शकतो. सबलोडवाल्याने तसं करू नये. सहा महिन्यांची सुरुवात डिसेंबरात झाली असेल तर शेवट जूनमध्ये येतो, आणि तेव्हा तिकडच्या शाळांना सुट्ट्या लागल्यामुळे भारताकडे येणारी विमानं भरलेली असतात. चार दिवस, सहा दिवस ऑफलोड होत (सीट न मिळून मागे राहत) राहिलात आणि आय-94 ची तारीख उलटली, तर तो व्हिसा आपोआप रद्द होतो. 'मी स्टाफ आहे, सीट मिळाली नाही' हे कारण तिथे चालत नाही. परतीचं नाव मुदतीच्या किमान महिनाभर आधी लावायला सुरुवात करा. तब्येतीमुळे लांबणार असेल तर मुक्काम वाढवण्याचा आय-539 चा अर्ज मुदत संपायच्या निदान 45 दिवस आधी करा. आणि शेवटचे दहा दिवस उरले तर गुपचूप कन्फर्म तिकीट विकत घ्या, मग ते कितीही महाग असो. तिथे सवलतीचा मोह नको.

युरोपच्या शेंगेन व्हिसाचं गणित आणखी घट्ट असतं. स्टिकरवर वैधतेच्या दोन तारखा असतात आणि खाली मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. लोक तारखा बघतात, दिवस बघत नाहीत. पंधरा दिवस लिहिले असतील तर सोळावा दिवस बेकायदा, भले वैधतेची तारीख महिनाभर पुढची असो. 12 ऑक्टोबर 2025 पासून तिथे शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन येण्या-जाण्याची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे जादा राहिलेला दिवस नजरेतून सुटण्याची शक्यता उरलेली नाही. व्हिसाचा अर्ज करतानाच फिरण्याच्या दिवसांत चार-पाच दिवसांची भर घालून मुक्काम मागा.

परतताना वाट वाकडी करून दुसऱ्या देशातून यायचा विचार असेल, तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे आधी बघा. ऐन वेळी 'लंडन फुल आहे, दुसरीकडून जाऊ' म्हणणं सोपं असतं, पण भारतीय पासपोर्टवर ते नेहमी जमत नाही.

विमानतळच चुकणं

मुंबई म्हणजे सांताक्रूझ आणि सहार, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. गोव्यात 2023 च्या जानेवारीपासून मोपा सुरू झालं. दाबोळी मुरगावात, मोपा पेडण्यात, आणि मधला रस्ता तासा-दीड तासाचा. सबलोडवाल्याने दोन्हीकडच्या फ्लाइट बघाव्यात, पण एकीकडे ऑफलोड झाल्यावर दुसरीकडची लगेचची फ्लाइट गाठायचं स्वप्न बघू नये.

देशांतर्गत प्रवासाला रेल्वेचं तिकीट हाताशी असलेलं बरं. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, हे अजूनही अनेकांना तिकीट काढताना कळतं.

स्वस्त वाटलं म्हणून हिशोब न करणं

आयडी-90 हे स्टाफचं नव्वद टक्के सवलतीचं तिकीट, म्हणजे दहा टक्क्यांत प्रवास, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात सवलत मूळ भाड्यावर असते. विमानतळ शुल्क आणि कर पूर्ण भरावे लागतात, आणि कंपनी इंधन अधिभार लावत असेल तर तोही वर येतो. ब्रिटनमधून निघताना लागणारा प्रवासी कर तर चांगलाच जड आहे. त्यात दोन रात्री हॉटेलात काढाव्या लागल्या तर सेलमधलं कन्फर्म तिकीट स्वस्त पडतं. जिथे दिवसाला मोजक्याच फ्लाइट आहेत, तिथे मी सरळ विकत तिकीट घ्यायला सांगतो.

युरोपात विमान रद्द झालं की भरपाई मिळते हे ऐकून लोक आपल्या तिकिटावरही दावा लावतात. तिथल्या 261/2004 या नियमात आम जनतेला न मिळणाऱ्या सवलतीचं तिकीट स्पष्टपणे वगळलेलं आहे. प्रवास विमाही जागा न मिळाल्याबद्दल सहसा पैसे देत नाही. तो आजारपणासाठी घ्यायचा, आणि रक्तदाब, मधुमेह, स्टेंट जे असेल ते अर्जात लिहायचं.

पासवर नात्याबाहेरच्या माणसाला पाठवणं, मग ते पैसे घेऊन असो वा मैत्रीखातर, ही चूक बोलून दाखवायलाही संकोच वाटतो. पण होते. सापडलं की संपूर्ण कुटुंबाची सवलत जाते.

निघायच्या आदल्या रात्री पोर्टल उघडणं

लॉगिनला जुना ऑफिसचा ईमेल जोडलेला असतो आणि तो निवृत्तीबरोबर बंद झालेला असतो. पत्नीचं नाव कंपनीच्या नोंदीत एक, पासपोर्टवर दुसरं. कुठे मधलं नाव आहे, कुठे नाही. लग्न झालेला मुलगा अजून अवलंबितांच्या यादीत. हे सगळं एका दुपारी बसून दुरुस्त करता येतं, पण कागद पुढे सरकायला आठवडे जातात. परदेशात भारतीय सिमवर ओटीपी येईल अशी रोमिंगची सोय करून ठेवा, नाहीतर परतीचं नाव लावताच येणार नाही. ईपीएस-95 ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली, पेन्शन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यावा असं नाही. वर्षात कधीही देता येतो आणि तो दिल्यापासून वर्षभर चालतो. निघण्याआधी देऊन मोकळं व्हा.

ग्रुपवर आलेली बातमी तशीच पुढे ढकलणं

'निवृत्तांना आता कन्फर्म तिकीट' हा मेसेज वर्षातून दोनदा तरी फिरतो. त्यावर तारीख नसते, परिपत्रकाचा क्रमांक नसतो. ग्रुपच्या ॲडमिनने एक शिस्त लावावी: पास, मेडिकल किंवा पेन्शनबद्दलची बातमी टाकायची असेल तर मूळ परिपत्रक जोडायचं, नाहीतर टाकायची नाही. 'मेडिकल कार्ड रिन्यू करा' म्हणत एपीके फाइल (मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल) आली तर ती कुणीही उघडू नये. उघडून पैसे गेलेच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करावा. पहिल्या काही तासांत पैसे थोपवता येण्याची शक्यता असते.

निधनाच्या बातमीला याहून जास्त जपायला हवं. आपल्याकडे इंजिनीअरिंगमध्ये दोन सावंत, कमर्शियलमध्ये तीन फर्नांडिस, केबिन क्रूमध्ये आणखी कोणी. नुसतं 'आपले सावंतसाहेब गेले' असं लिहिलं की भलत्याच घरी सांत्वनाचे फोन जातात. त्या घरातल्या माणसांची काय अवस्था होते याचा विचार करा. आधी घरच्यांशी किंवा शेजाऱ्यांशी बोलून खात्री करायची. मग पूर्ण नाव, खातं, शेवटचं स्टेशन आणि अंत्यसंस्काराची वेळ लिहायची. स्टाफ नंबर मात्र टाकायचा नाही. ओळख पटवायला तो सोयीचा वाटतो खरा, पण बऱ्याच कंपन्यांत पोर्टलचं लॉगिन त्याच नंबरावर असतं. घरच्यांचा फोन नंबरही त्यांना विचारल्याशिवाय देऊ नये.

आणि श्रद्धांजलीचे मेसेज थांबले की खरी गरज सुरू होते. वहिनींना पास पुढे चालू राहतो का, मेडिकल कुणाच्या नावावर करायचं, हे बहुतेक घरांत माहीत नसतं, कारण सगळे पासवर्ड गेलेल्या माणसाकडे होते. त्यांच्या बॅचमधल्या एकाने हे काम अंगावर घ्यावं. दिवसकार्य आटोपलं की जावं, मृत्यूचा दाखला, लग्नाचा पुरावा, निवृत्तीचं कार्ड आणि बँकेचं पासबुक एका फाइलमध्ये लावून द्यावं, ईपीएसच्या विधवा पेन्शनसाठी 10-डी फॉर्म भरून घ्यावा, आणि पोर्टलवर वहिनींचा स्वतःचा ईमेल व मोबाइल नोंदवण्याचा अर्ज कंपनीकडे पाठवावा. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा फोन करून काय झालं ते विचारावं.