कारखान्याचा डॉक्टर व्हायचं तर
एमबीबीएसनंतर एएफआयएच (असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ) हा औद्योगिक आरोग्याचा 3 महिन्यांचा अभ्यासक्रम करा. मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत तो चालतो. लोटे, महाडच्या रासायनिक कारखान्यांत तो कामी येतो.

खरं कसब मात्र विचारपूस करण्यात. 'काय काम करता?' एवढ्यावर थांबू नका. आधीची सगळी कामं, हात कशाला लागतो, सुट्टीत त्रास उतरतो का, हे विचारा. काजू फोडणाऱ्या बाईच्या हातावरचे चट्टे बुरशीचे समजून मलम दिलं जातं (हे फार होतं). कारण असतं टरफलातलं तेल.

स्पायरोमेट्रीत (फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजायच्या चाचणीत) तीन नीट फुंका हव्यात, त्यांतल्या मोठ्या दोन फुंकांत 150 मिलीलिटरहून जास्त फरक नको. फरक पडला तर ओठांतून हवा निसटते का, तेही पाहा. श्रवणचाचणी कामाची पाळी संपताच नको. गोंगाटापासून किमान 14 तास दूर राहू द्या, नाहीतर तात्पुरता बहिरेपणा कायमचा म्हणून नोंदला जातो.