पोरगं नशेकडं वळतंय अशी शंका आली तर काय करावं

सोलापुरात बऱ्याच पोरांची सुरुवात दारूनं होत नाही, कोपऱ्यावरच्या टपरीवरच्या माव्यानं (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण) होते. घरात त्याला कुणी नशा म्हणत नाही, कारण वडील खातात, काका खातात. मग कधी मिरवणुकीत बिअरचा पहिला घोट, कधी मित्राच्या खोलीवर गांजाची सिगारेट. कुणी पंक्चरचं सोल्युशन रुमालात ओतून हुंगतो. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एमडी (मेफेड्रोन) या अंमली पदार्थाच्या कारखान्यावर छापा टाकला, तेव्हा हे दुखणं आपल्या दारापर्यंत आल्याचं अनेकांना जाणवलं.

ज्यांना नुकतीच शंका आली आहे, अशा आई-बापांसाठी हे लिहितोय. पोरगं पुढच्या वेळी स्वतःहून सांगायला येईल की लपवायला शिकेल, हे बरंचसं तुमच्या पहिल्या बोलण्यावर ठरतं. म्हणून घाई नको.

१. आधी काही दिवस नीट बघा

या वयात चिडचिड, उशिरापर्यंत झोपणं, दार लावून बसणं हे नशा न करणाऱ्या पोरांचंही असतं. एका खुणेवरून निकाल देऊ नका. तीन-चार गोष्टी एकदम बदलल्या तर लक्ष द्या: जुने मित्र सुटले, क्लासला दांड्या पडू लागल्या, घरातले पैसे कमी पडू लागले, डोळे लाल राहू लागले. दप्तरात व्हाइटनरच्या किंवा सोल्युशनच्या रिकाम्या ट्यूब, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, कपड्यांना थिनरसारखा वास, ओठांभोवती पुरळ या खुणा जास्त बोलक्या.

माव्याची खूण जेवणाच्या ताटावर दिसते. नेहमीची शेंगा-चटणी खाताना तोंड जळतं म्हणून पोरगं ताट सरकवत असेल, तर त्याला तोंड पूर्ण उघडायला सांगा. स्वतःची तीन बोटं उभी धरून आत जात नसतील तर दातांच्या डॉक्टरांकडं न्या. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी कडक होत जाते, तंबाखू नसली तरी होते, आणि त्यातून पुढं कॅन्सरचा धोका असतो.

२. नवरा-बायकोनं आधी आपसात ठरवा

एकानं ओरडायचं आणि दुसऱ्यानं गुपचूप पैसे द्यायचे, असं चाललं तर पोरगं त्या फटीतून निसटतं. घरात वडीलच पीत असतील तर ते आधी मान्य करा. "मलाही ही सवय सोडवत नाही, म्हणून तुझी काळजी वाटते" असं बापानं म्हटलं तर पोरगं ऐकतं. आपण ग्लास हातात धरून केलेला उपदेश ते ऐकणार नाही.

कारखान्यात रात्रपाळी असेल, आईचं विड्या वळायचं काम असेल, तर दोघं घरी असतील अशी वेळ ठरवा. बापाशी अजिबात बोलत नसेल आणि मामाशी मोकळं असेल, तर मामाला घ्या. सगळं खानदान मात्र गोळा करू नका.

३. बोलायला बसा

पोरगं नशेत असताना बोलू नका. त्या रात्री फक्त सांभाळा, बोलणं दुसऱ्या दिवशी. समोरासमोर बसवून जबाब घेतल्यासारखं करण्यापेक्षा गाडीवरून जाताना किंवा संध्याकाळी संभाजी तलावाकडं फेरी मारताना बोलणं सोपं जातं, नजरेला नजर द्यावी लागत नाही.

सुरुवात जे डोळ्यांनी दिसलं त्यानं करा. "तुझ्या दप्तरात ट्यूब दिसल्या. मला भीती वाटली. काय चाललंय सांग, मी मधे बोलणार नाही." आणि खरंच मधे बोलू नका. "आमचं नाक कापलंस", "शेजारच्याचा बघ कसा शिकतोय" ही वाक्यं गिळा. आईची शपथ घालू नका. शपथ मोडली की पोराला व्यसनाबरोबर अपराधाचं ओझंही होतं आणि ते आणखी लपवतं.

का घेतोस, हे विचारा. उत्तर बहुतेक वेळा साधं असतं: मित्र हसतात, अभ्यासाचं टेन्शन, झोप लागत नाही, गाव सोडून खोलीवर एकटं वाटतं. इलाज त्या कारणावर करायचा असतो. मुलींच्या बाबतीत बदनामीच्या भीतीनं घर गप्प बसतं आणि उपचाराला उशीर होतो. त्यांनाही हेच, याच आवाजात विचारा.

माहिती द्या, पण खरी. एकदा प्यायल्यानं माणूस मरतो असं सांगितलं तर पोरगं हसेल. सांगायचं ते असं: निर्णय घेणारा, स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून लहान वयात लागलेली सवय जास्त घट्ट बसते. हातभट्टीत आणि भेसळीच्या ताडीत काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही धड माहीत नसतं.

शेवटी एक वचन द्या: कुठंही अडकलास, कितीही वाजले असले, तरी फोन कर, मी न्यायला येईन आणि त्या रात्री एक शब्द बोलणार नाही. आणि हे पाळा.

४. डॉक्टरांकडं जा, बाबा-बुवांकडं नको

सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभागात दाखवता येतं. आधी फोनवर बोलायचं असेल तर मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या सरकारी हेल्पलाइन मोफत आहेत. पोलीस केसची भीती घालून पोराला उपचारापासून लांब ठेवू नका. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला अंमली पदार्थांच्या कायद्यात, कलम ६४ अ खाली, संरक्षण मिळू शकतं.

भिंतींवर जाहिरात असते ती "नकळत दारू सोडवणारी" पावडर जेवणात कालवू नका. अशा औषधावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. रोज पिणाऱ्याची दारू कोंडून एकदम बंद करणंही धोक्याचं, झटके येऊ शकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

केंद्रात ठेवायची वेळ आलीच तर आधी जाऊन बघून या. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अठराच्या आतल्या मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं, आणि पालक किंवा घरचं माणूस पूर्ण काळ सोबत राहावं लागतं. "तुम्ही या फक्त तीन महिन्यांनी" म्हणणाऱ्या, मारहाणीनं सुधारू म्हणणाऱ्या ठिकाणी पोराला सोडू नका.

५. जिवावर बेतलं तर

पोरगं हाक मारून उठत नसेल, श्वास मंद असेल, अंग गार पडलं असेल तर १०८ ला फोन करा. एका कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका. लिंबूपाणी, कॉफी, ताक पाजू नका, बोटं घालून उलटी काढू नका. ते फुप्फुसात जातं. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा, लाजेखातर "काहीतरी खाल्लं" म्हणू नका.

सोल्युशन हुंगताना दिसला तर ओरडत अंगावर धावून जाऊ नका, पळायला लावू नका. त्या वेळी दचकण्यानं, धावपळीनं हृदयाचे ठोके बिघडून जागीच मृत्यू होऊ शकतो. शांतपणे जवळ जा, मोकळ्या हवेत आणा.

६. विकणाऱ्याला सोडू नका

महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. अठराच्या आतल्या मुलाला दारू, तंबाखू किंवा अंमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. टपरीवाल्याशी एकट्यानं भांडू नका. वर्गातले चार पालक मिळून मुख्याध्यापकांकडं आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. मुलाचं नाव त्यात लिहायची गरज नाही.

हातभट्टीची गावंसुद्धा बदलू शकतात. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या काळात हातभट्टीविरुद्ध "ऑपरेशन परिवर्तन" सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी छाप्यांबरोबर दुसऱ्या कामधंद्याचीही सोय बघितली गेली.

७. पुन्हा घेतली तर

घेईल, असं धरून चाला. सुटलेली सवय परत लागणं हे या आजारात नेहमीचं आहे. त्या दिवशी डॉक्टरांची पुढची तारीख अलीकडं आणा, कुणासोबत आणि कुठं घेतली ते विचारा, आणि रोख पैशांऐवजी क्लासची फी, बसचा पास थेट तुम्ही भरा. संध्याकाळी पाच ते आठ हा वेळ मोकळा राहिला तर पाय टपरीकडं वळतात. तिथं तालीम, मैदान, काकांच्या दुकानात बसणं, त्याला आवडेल ते काहीतरी लावून द्या.