नवा वीज प्रकल्प उभारताय? इंधनाच्या रकान्यातल्या या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यात नव्या कोजनची, म्हणजे साखर कारखान्यातल्या सहवीज प्रकल्पाची, चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न असतो, किती मेगावॉट? दुसरा, कर्ज कोण देणार? तिसरा, युनिटला दर किती मिळणार? इंधनाचा विषय शेवटी निघतो आणि एका शब्दात संपतो, ‘बगॅस’, म्हणजे उसाचा चोथा. पुढे अर्ज भरणारा माणूस तोच शब्द रकान्यात टाकतो आणि फाइल पुढे सरकते.

कारखान्यांच्या परवानग्यांचे कागद तयार करण्यात माझी बरीच वर्षं गेली. अडकलेल्या फायली सोडवायला बसलो की दहापैकी आठ वेळा गाठ याच रकान्यात सापडते. प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र, पर्यावरण मंजुरी, चिमणीची उंची, राखेची विल्हेवाट, वीज खरेदी करार या सगळ्यांचं मूळ ‘तुम्ही काय जाळणार आणि किती’ या एका उत्तरात असतं. म्हणून हा लेख मुख्यतः इंधनाबद्दल आहे, बाकीच्या परवानग्या ओघाने येतील.

‘लायसन्स लागत नाही’ याचा चुकीचा अर्थ

विद्युत कायदा 2003 च्या कलम 7 प्रमाणे वीजनिर्मितीसाठी परवाना लागत नाही, ग्रीडला जोडणी करण्याचे तांत्रिक निकष पाळले की पुरे. संचालक मंडळाच्या बैठकीत हे वाक्य कोणीतरी सांगतं आणि ‘परवाना नाही म्हणजे परवानगीही नाही’ असा समज पक्का होतो. कलम 7 फक्त वीज कायद्यापुरतं बोलतं. जल कायदा 1974 आणि वायू कायदा 1981 खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची संमती सर्वसाधारणपणे आधी लागते आणि चालवण्याची संमती नंतर. बॉयलरसाठी बाष्पके संचालनालय, विद्युत सुरक्षेसाठी विद्युत निरीक्षक, जोडणीसाठी महापारेषण किंवा महावितरण, पाण्यासाठी जलसंपदा विभाग, ही दारं वेगळीच आहेत.

दुसरा असाच गैरसमज 15 मेगावॉटचा. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत नंतर झालेल्या दुरुस्तीनुसार, जैवइंधनावरचा 15 मेगावॉटपर्यंतचा आणि पूरक म्हणून कोळसा, लिग्नाइट किंवा पेट्रोलियम इंधन 15 टक्क्यांपर्यंतच वापरणारा प्रकल्प पर्यावरण मंजुरीतून सुटतो. यात दोन्ही अटी एकत्र पाळायच्या आहेत. मेगावॉट 14 असला आणि कोळसा 30 टक्के जळला तर सूट राहत नाही. शिवाय ही सूट फक्त पर्यावरण मंजुरीपुरती आहे, मंडळाची संमती लागतेच. त्याच आवारात रोज 5000 टन किंवा त्याहून जास्त गाळपाचा कारखाना असेल तर कारखान्यालाच मंजुरी लागते. एकाच आवारात ‘टप्पा एक’ आणि ‘टप्पा दोन’ असे 14-14 मेगावॉटचे दोन अर्ज करण्याचा सल्ला तुम्हाला कोणी दिला, तर तो ऐकू नका. छाननीत एकूण क्षमता पाहिली जाते आणि तुकडे केल्याचं दिसलं की पुढच्या प्रत्येक कागदाकडे संशयानेच पाहिलं जातं.

बगॅस पुरेल का, हा हिशेब न करणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे आणि गंमत नाही, खरोखर पाचवीच्या गणिताने टळते.

धरा, कारखाना रोज 5000 टन ऊस गाळतो. उसाच्या 28 टक्के बगॅस निघतं, म्हणजे रोज 1400 टन. बॉयलर ताशी 100 टन वाफेचा आहे आणि एक किलो बगॅसवर 2.3 किलो वाफ मिळते. तासाला साधारण 43.5 टन बगॅस लागलं, दिवसाला 1044 टन. म्हणजे रोज 356 टन उरलं. हंगाम 120 दिवस चालला तर यार्डात 42,700 टनांच्या आसपास गंजी लागेल. त्यावर बॉयलर पूर्ण भाराने चालवला तर जेमतेम 41 दिवस जातील. हंगाम धरून एकूण 161 दिवस. यात उघड्यावर पडलेल्या बगॅसची नासाडी, पावसाने वाढलेली ओल, कागद कारखान्याला विकलेला माल यातलं काहीच धरलेलं नाही.

आता अर्जात लिहिलेलं असतं, ‘प्रकल्प वर्षाला 330 दिवस चालेल, इंधन: बगॅस’. उरलेले 169 दिवस काय जाळणार? छाननी करणारा अधिकारी हाच प्रश्न विचारतो. त्याने नाही विचारला तर जनसुनावणीत गावातला एखादा निवृत्त शिक्षक विचारतो. उत्तर बहुतेक वेळा कोळसा असतं, आणि ते अर्जात नसतं.

बंद हंगामात काय जाळायचं हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि तसंच लिहा. आपल्याकडे तुराट्या, पाचट, वेडी बाभूळ मिळते. पण ‘स्थानिक जैवइंधन’ एवढंच लिहून भागत नाही. कुठल्या तालुक्यातून, किती टन, कोणत्या महिन्यात, बांधून आणणार की कुट्टी करून, हे लिहावं लागतं. पाचटात क्षार जास्त असतात, त्याने सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या, नळ्यांवर थर बसतो. बॉयलर बनवणाऱ्याला हे इंधन आधी सांगितलं नसेल तर वर्षभरात नळ्या बदलण्याची वेळ येते आणि मग ‘तात्पुरता’ म्हणून कोळसा सुरू होतो.

15 टक्के, पण कशाचे?

केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या 2012 च्या अक्षय ऊर्जा दर विनियमांमध्ये जैवइंधन प्रकल्पांसाठी कोळशासारख्या जीवाश्म इंधनाची 15 टक्क्यांची मर्यादा उष्मांकावर, म्हणजे इंधनातून मिळणाऱ्या उष्णतेवर, आणि वर्षाच्या हिशेबाने घातली होती, आणि तीही जुन्या प्रकल्पांना 31 मार्च 2017 पर्यंतच. तुमच्या वीज खरेदी करारात आज कोणती अट आहे, कोळशाला मुभा आहे की अजिबात नाही, हे तुम्हीच करार उघडून वाचा. सल्लागाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

वजन आणि उष्मांक यातला फरक किती मोठा आहे, तो पहा. ओलं बगॅस किलोला 2250 किलोकॅलरी देतं. मध्यम प्रतीचा कोळसा 4000 धरू. वर्षात 85,000 टन बगॅस आणि 15,000 टन कोळसा जाळला. काट्यावर कोळसा बरोबर 15 टक्के. पण उष्मांकात बगॅसचे 191 आणि कोळशाचे 60, एकूण 251 अब्ज किलोकॅलरी. कोळशाचा वाटा जवळपास 24 टक्के झाला. काट्यावरच्या पावत्या बघून ‘आपण मर्यादेत आहोत’ म्हणणारा कारखाना वर्षअखेरीस मर्यादेबाहेर सापडतो, आणि त्याला कोणी फसवलेलं नसतं.

इंधनाचं रजिस्टर महिनाअखेरीस लिहिणं

त्याच विनियमांमध्ये इंधन जाहीर करण्याची पद्धत नीट सांगितली होती आणि ती आजही वापरण्याजोगी आहे. दरमहा वीजबिलासोबत इंधन वापराचं आणि इंधन खरेदीचं विवरणपत्र, सनदी लेखापालाने प्रमाणित केलेलं. त्यात प्रत्येक इंधनाची महिन्यात आलेली आणि जळलेली टनातली मात्रा, वर्षाची चालू बेरीज, एकूण वीजनिर्मिती, आणि आवारातली सुरुवातीची शिल्लक, आवक, अखेरची शिल्लक. अट मोडली तर त्या वर्षापुरता अक्षय ऊर्जेचा दरच लागू राहत नाही, म्हणजे नुकसान थेट पैशातलं.

जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मला ही विवरणपत्रं दुरुस्त करायला बोलावलं होतं. बॉयलर हाउसमधलं रजिस्टर उघडलं. एका महिन्याची तीसही पानं एकाच निळ्या पेनाने, एकाच अक्षरात, एका बैठकीत लिहिलेली. बगॅसचा आकडा रोज 1040. ज्या दिवशी गाळप अकरा तास बंद होतं त्या दिवशीही 1040. काट्याच्या पावत्या वेगळ्या कपाटात होत्या, उंदरांनी कुरतडलेल्या, पण खऱ्या. तीन दिवस मी आणि तिथला स्टोअरकीपर जमिनीवर पावत्या तारखेप्रमाणे मांडत बसलो. खरा आकडा निघाला तो रजिस्टरपेक्षा कमी, आणि फरक कोळशाने भरून काढलेला. स्टोअरकीपर चांगला माणूस होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की हे रजिस्टर पुढे लेखापालाच्या सहीने आयोगापर्यंत जातं.

म्हणून रजिस्टर पाळीच्या शेवटी, त्या पाळीच्या माणसानेच भरायचं. बगॅसचा ओलावा दिवसातून निदान एकदा तपासून तिथेच लिहायचा, कारण 50 टक्के ओल आणि 54 टक्के ओल यात उष्मांक बदलतो. कोळशाच्या प्रत्येक खेपेसोबत गंधक आणि राखेचा तपासणी अहवाल जोडायचा. आणि महिन्याची बेरीज निर्मितीच्या युनिटांशी ताडून पाहायची. जेवढं इंधन दाखवलंय तेवढ्यात तेवढी वीज होऊच शकत नसेल, तर ते तुमच्या आधी दुसऱ्या कोणाच्या लक्षात येऊ देऊ नका.

चिमणीची उंची इंधनावर ठरते

मंडळाच्या संमतीपत्रातल्या तक्त्यात चिमणीसमोर इंधनाचा प्रकार, गंधकाचं प्रमाण आणि उंची शेजारीशेजारी लिहिलेली असतात. उंचीचं सूत्र असं: ताशी जितके किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडणार त्या संख्येचा 0.3 घात काढायचा आणि 14 ने गुणायचं. अर्धा टक्का गंधकाचा कोळसा ताशी 20 टन जाळला तर 200 किलो सल्फर डायऑक्साइड, उंची साधारण 69 मीटर. तोच कोळसा 40 टन जाळला तर 400 किलो आणि उंची 84 मीटरच्या वर. बगॅसमध्ये गंधक नगण्य, म्हणून बगॅस दाखवून बांधलेली चिमणी कोळशाला तोकडी पडू शकते. बांधून झालेली चिमणी पंधरा मीटरने वाढवणं म्हणजे काय, हे ज्याला वाढवावी लागली त्यालाच विचारा.

सोलापूरकरांना चिमणीबद्दल वेगळं सांगायला नको. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाजवळची सहवीज प्रकल्पाची उंच चिमणी वर्षानुवर्षांच्या वादानंतर जून 2023 मध्ये पाडली गेली, ते सगळ्या शहराने पाहिलं. त्या वादात कोणाचं चुकलं यात मी पडत नाही. मी एवढंच बघतो की विमानतळ परिसरात उंचीचा ना-हरकत दाखला पाया खोदण्याआधी हातात हवा. तो अर्ज भरताना होणारी एक साधी चूक म्हणजे फक्त जमिनीपासूनची उंची लिहिणं. दाखल्यात टोकाची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात आणि सोलापूरची जमीनच साडेचारशे मीटरहून उंच आहे. जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजणीदाराकडून घ्या, मोबाइलमधल्या नकाशावरून नको.

नकाशा न उघडणं

राज्य स्तरावर निकाली निघेल असं धरलेला प्रस्ताव अचानक दिल्लीला जातो, त्याचं कारण बहुतेकदा अंतर असतं. अभयारण्यासारखं संरक्षित क्षेत्र किंवा राज्याची सीमा 5 किलोमीटरच्या आत आली तर राज्याच्या ‘ब’ वर्गातला प्रकल्प केंद्राच्या ‘अ’ वर्गात मोजला जाऊ शकतो. आपल्याकडे उत्तरेला नान्नजचं माळढोक अभयारण्य आणि दक्षिणेला अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा या तालुक्यांना लागून कर्नाटक. जमीन घेण्याआधी अंतर मोजा, नंतर नव्हे.

पाण्याचंही तसंच. ‘उजनीतून घेऊ’ हे वाक्य आहे, मंजुरी नव्हे. 28 जानेवारी 2016 च्या केंद्रीय दर धोरणात सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक प्रकल्पांनी शुद्ध केलेलं सांडपाणी वापरावं अशी तरतूद आहे.

जनसुनावणीला कागद न वाचता जाणं

ही चूक दोन्ही बाजू करतात. सुनावणीची जाहिरात निदान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते, त्यातलं एक मराठी. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, मंडळाच्या कार्यालयात वाचायला मिळतो. गणसंख्येची अट नाही, म्हणजे तुम्ही दहाजण गेलात तरी सुनावणी होते आणि इतिवृत्त लिहिलं जातं. गावकऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की नोकऱ्या किती देणार एवढंच विचारून बसू नका. बंद हंगामात इंधन कोणतं, राख कुठे टाकणार, मराठी सारांशातला इंधनाचा आकडा आणि मूळ अहवालातला आकडा एकच आहे का, हे विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. तिथे नोंदलेलं उत्तर पुढे अटीचं रूप घेऊ शकतं.

मंजुरी मिळाल्यावर कोणाला आव्हान द्यायचं असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत जावं लागतं, सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवसांपर्यंत मुभा मिळते. आपल्यासाठी खंडपीठ पुण्यात आहे.

चूक होऊन गेली असेल तर

मंजुरीआधी काम सुरू झालं असेल तर आहे तिथे थांबवा. 2006 च्या अधिसूचनेत जमीन ताब्यात ठेवण्यासाठीच्या कामाशिवाय काहीच चालत नाही. ‘नंतर नियमित करून घेऊ’ हे वरातीमागून घोडं आहे आणि त्याला भुर्दंड पडतोच.

इंधन बदललं असेल, पण संमतीपत्रात जुनंच असेल, तर मंडळाला आधी स्वतःहून कळवा आणि संमतीत दुरुस्तीचा अर्ज करा. कोळशाची खाण बदलणं ही एक गोष्ट आणि बगॅसवरून कोळशावर जाणं ही पूर्ण वेगळी गोष्ट, दोन्ही एकाच पत्रात गुंडाळू नका. मागच्या महिन्यांची विवरणपत्रं चुकली असतील तर सुधारित विवरणपत्र लेखापालाच्या सहीने द्या आणि फरक का पडला ते एका पानात खरं खरं लिहा.

पर्यावरण मंजुरी असेल तर अटी पाळल्याचा सहामाही अनुपालन अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला जातो. मंडळाकडे पर्यावरण विवरण 30 सप्टेंबरपर्यंत द्यायचं असतं. पाठवण्याआधी एका टेबलावर चार कागद ठेवा: संमतीपत्राचा चिमणीचा तक्ता, अनुपालन अहवाल, लेखापालाचं इंधन विवरणपत्र, आणि बॉयलर हाउसचं रजिस्टर. चारही ठिकाणी इंधनाचं नाव आणि टनांचा आकडा पेन्सिलीने गोल करा. जिथे जुळत नाही तिथून कामाला लागा, आणि काट्याच्या पावत्यांचं कपाट त्याच दिवशी उंदरांपासून सुरक्षित जागी हलवा.