तिबेटी पद्धतीचं लोकरीचं आसन घरी कसं विणायचं

तिबेटी गालिचा म्हणून नेटवर जे शिकवतात त्यातलं बरंचसं तिबेटी नसतंच. एकेक गाठ मारा, तोडा, पुढची मारा, ही इराणी-तुर्की पद्धत झाली. तिबेटी विणकामात चौकटीवर ताणलेल्या उभ्या दोऱ्यांसमोर, म्हणजे ताण्यासमोर, एक आडवी सळई धरतात, सलग धागा ताण्याच्या दोन दोन दोऱ्यांना आणि त्या सळईला वेढे देत पुढे नेतात आणि ओळ पुरी झाली की सळईवरचे सगळे फास एका दमात कापतात. ही सळई हाताला बसली की बाकी सगळं जमतं, म्हणून जास्तीत जास्त तिच्याबद्दलच लिहितोय.

पहिल्याच फटक्यात मोठा गालिचा काढू नका. तिबेटी घरात गालिचा मुख्यतः बसाय-झोपायला असतो. झोपायचा तो खाडेन, साधारण 3 बाय 6 फूट. घोड्याच्या खोगिराखाली वेगळा, खोगिरावर वेगळा, मठात खांबांना गुंडाळायला वेगळा, दाराला पडद्यासारखा लावायचाही असतो. शिकायला चौकोनी बैठकच घ्या, 2 बाय 2 फूट, ती पुरी होते आणि रोज वापरातही येते.

लाकडी चौकट उभी करा, सुती ताणा इंचाला 12 दोरे, म्हणजे 2 फुटांना 288. दोरा छेडला की टणटण वाजला पाहिजे, सगळीकडे सारखा. सुरुवातीला बोटभर साधं विणून घ्या.

लोकर मात्र जपून घ्या. ॲक्रिलिक अजिबात नको, त्याची लव, म्हणजे गालिच्यावरचे उभे मऊ धागे, दबली की परत उठत नाही. आपली दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण आखूड आणि राठ असल्याने इथे झडत राहते. तिबेटच्या पठारावरच्या मेंढीची लोकर लांब धाग्याची आणि अंगचं तेल असलेली असते, म्हणून वापरून वापरून तिला चकाकी येते. नेपाळात तिच्यात न्यूझीलंडची लोकर मिसळतात. आपल्याला बिकानेरकडचं गालिच्याचं सूत चालतं.

आता सळई. गोल, गुळगुळीत, न वाकणारी, आसनाच्या रुंदीपेक्षा वीतभर लांब. 6 मिलिमीटर जाडीची घ्या. सळईचा घेर म्हणजे फासाची लांबी आणि तो मधोमध कापला की लव त्याच्या निम्मी, त्यामुळे लव किती उंच हवी ते सळई निवडतानाच ठरतं, नंतर कात्रीने ठरवू म्हणाल तर निम्मी लोकर केरात जाईल.

धागा दोन दोऱ्यांच्या जोडीमागून फिरवून पुढे आणायचा, सळईवरून घ्यायचा आणि पुढच्या जोडीकडे. ऐकायला सोपं आहे पण ओढ दोन ठिकाणी वेगवेगळी लागते आणि हे कुणी सांगतच नाही. ताण्यापाशी धागा घट्ट बसला पाहिजे, सळईवर मात्र नुसता टेकला पाहिजे. मला हे हाताला यायला फार वेळ लागला, कारण जो तो "घट्ट ओढा, घट्ट ओढा" एवढंच सांगत होता. सळईवर घट्ट ओढलं की ताण्याचे दोरे पुढे खेचले जातात, सळई त्यांना चिकटते आणि कापताना सुरी थेट ताण्यावर जाते. ताण्याचा एक दोरा तुटला तर तो जोडत बसण्यात अख्खी दुपार जाते, आणि जोडलेली जागा कायम कच्चीच राहते.

खूण सांगतो. चार-चार बोटं विणून झाली की सळई चिमटीत धरून फिरवून बघा. थोडी घासत पण फिरली पाहिजे. अडली तर तेवढे फास उसवा, गरागरा फिरली तरी उसवा. ओळीच्या शेवटी हात थकतो आणि फास सैल पडायला लागतात, तिथे जास्त लक्ष ठेवा.

ओळ झाली की कापायची घाई नको. आधी हातोडीने सळईवर वरून ठोका, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे ओळ खाली दाबून बसते. मग सुरी. कात्री वापरा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, कात्री प्रत्येक फास उचलून कापते आणि लव दातेरी होते. धारदार सुरीचं पातं सळईच्या तुमच्याकडच्या अंगावर टेकवायचं आणि सळईवरूनच सरकवायचं, टोक ताण्याकडे कधीच वळवायचं नाही.

यानंतर दोन बाणे, म्हणजे आडवे धागे, घाला, एक ताण्याचे एकाआड एक दोरे पुढे घेतल्यावर पडणाऱ्या फटीतून, दुसरा उलट फटीतून, दोन्ही कमानीसारखे सैल सोडून, मग पंजाने, म्हणजे दातेरी फणीने, ठोका. बाणा सरळ ताणून घातलात तर कडा आत येतात आणि 24 इंचाचं आसन वर जाता जाता 22 इंचाचं होतं. दर दोन इंचांनी टेपने रुंदी मोजा, नजरेवर जाऊ नका.

रंग बदलायचा तिथे धागा तोडून दुसरा सुरू करायचा, म्हणून पहिल्या नक्षीत आडवे पट्टे आणि चौकडी ठेवा. ड्रॅगन, हिमसिंह, कमळ नंतर. अशा 144 ओळी झाल्या की 2 फूट भरतात.

उतरवून वरून कात्रीने लव सारखी करा, नक्षीच्या कडेने किंचित तिरकी कापली तर आकार उठून दिसतो. गार पाण्यात रिठ्याने धुवा, पिळू नका, सावलीत आडवं वाळवा.

प्रत्यक्ष बघणं शंभर व्हिडिओंपेक्षा बरं. दार्जिलिंगचं तिबेटी निर्वासित केंद्र 1959 पासून आहे, काठमांडूला गेलात तर पाटणजवळ जावलाखेलचं तिबेटी हस्तकला केंद्र आहे. विणणाऱ्यांच्या बाजूला बसा आणि फक्त डावा-उजवा हात सळईवर काय करतो ते बघा.

आसन रोज वापरा. पेटीत घडी घालून ठेवलं की कसर लागते आणि घडीवर लव मोडते. आठवड्यातून एकदा उलटं टाकून मागून बडवा, म्हणजे मुळाशी बसलेली धूळ खाली पडते.