‘मला कानच नाही’ म्हणण्याआधी: सूर लावताना या चुका टाळा

पंचवटीत गाण्याचा क्लास घेतोय त्याला अठरा वर्षं झाली. दर जूनला बॅच नवी येते, चुका मात्र त्याच.

सगळ्यात डोकं उठवणारी चूक म्हणजे मोबाइलमधल्या ट्यूनरकडे, म्हणजे सूर मोजून काटा दाखवणाऱ्या ॲपकडे, बघत गाणं. सातपूरला सीएनसी मशीन चालवणारा एक मुलगा यायचा. दिवसभर मायक्रॉनचा हिशोब. पट्टी काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर त्याचा सा. गळा गोड. शुद्ध गंधार (ग) लावला की तो तानपुऱ्यात विरघळायचा. एका सोमवारी आला तो गंधार चढाच. मंगळवारीही तेच. मी तार तपासली, मणी सरकवले, जवारीचा दोरा हलवून पाहिला. शेवटी त्याच्या मांडीवरचा मोबाइल दिसला. “सर, माझा ग 14 सेंट उतरा दाखवतंय. काटा हिरव्यात येईना, म्हणून आठवडाभर घासला.”

त्या ॲपचं माप पेटीचं. सप्तकाचे बारा सारखे तुकडे, प्रत्येक 100 सेंटचा. तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सगळ्यात जाड तारेतून, आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार मात्र षड्जाशी (सा) कंपनांच्या 5:4 या नात्याचा असतो, आणि तो पेटीच्या गंधाराच्या साधारण 14 सेंट खाली बसतो. म्हणजे पोरगं आधी बरोबर गात होतं! दोन सुरांचं नातं जुळलं की त्यांच्यातली थरथर थांबते आणि कान ते लगेच ओळखतो. काट्याला षड्ज ऐकूच येत नाही. मोबाइल पिशवीत टाकायला लावला, तरी तो गंधार जागेवर यायला तीन महिने गेले. ‘महिनाभरात गाणं शिकवा’ म्हणत आलेल्यांना मी हा किस्सा मुद्दाम सांगतो.

दुसरी चूक मोबाइलच्याच स्पीकरवर तानपुरा लावण्याची. काळी एकचा खर्ज सेकंदाला साधारण 69 कंपनांचा. तो त्या चिमुकल्या स्पीकरमधून जवळजवळ निघतच नाही. निघतात ते वरचे, 139, 208, 277 असे. त्यांच्यातलं 69चं अंतर पकडून मेंदू खालचा सूर स्वतःच उभा करतो. फोनवर बाबांचा आवाज बाबांचाच जाड आवाज वाटतो तो याचमुळे. करामत मोठी आहे, पण नवशिक्याचा कान वरच्याच एखाद्या सुराला चिकटतो आणि तो नरडं ताणत बसतो. साधा बाहेरचा स्पीकर जोडा. इयरफोन मला पटत नाहीत, त्यात स्वतःचा गळा नीट ऐकू येत नाही.

रेकॉर्डिंगमधला स्वतःचा आवाज ऐकून गाणं सोडू नका. एरवी आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही कानाशी पोचतो, म्हणून तो भारदस्त वाटतो, एवढंच.

परफेक्ट पिचच्या, म्हणजे कुठलाही सूर नुसता ऐकून त्याची पट्टी ओळखण्याच्या, मागे धावू नका. आपला षड्ज कुठल्याही पट्टीत बसतो.

राहिली ती चूक माझी. शेजारची एक मुलगी सा लावायची तो कधी रे, कधी कोमल नी. दोन महिन्यांत मी तिच्या आईला सांगून मोकळा झालो, “हिला कान नाही, चित्रकलेला घाला.” त्याच संध्याकाळी मी तानपुरा लावत होतो. ती दारात चपला घालता घालता म्हणाली, “सर, जोडातली एक तार उतरलीय.” जोड म्हणजे मधल्या, सा लावलेल्या दोन तारा. उतरलेली होती, केसभर.

सुरांतला फरकच न कळणारे लोक जन्मतः असतात, पण थोडे. त्यांच्या मेंदूत ऐकणारा भाग आणि कपाळामागचा भाग यांच्यातलं दळणवळण कमी पडतं. बाकी बहुतेक बेसुऱ्यांना सूर चांगला कळतो, घोळ कानाकडून गळ्याकडे जाताना होतो. तेव्हापासून माझी एक सवय आहे: डोळे मिटायचे, चार श्वास नुसता षड्ज ऐकायचा, मग अर्ध्या आवाजात गुणगुणायचं. घाईवाल्यांना हे चार श्वासही जड जातात.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. आता शनिवारी क्लासचे तानपुरे तीच लावते. सा अजूनही दोनदा घसरतो, तिसऱ्यांदा बसतो.