वेबसाइट बंद पडलीय? मदत मागण्याआधी बिघाड कुठे आहे ते असं शोधा

“साइट चालत नाही” असा निरोप आला की दुरुस्ती करणाऱ्याचा पहिला अर्धा तास बहुतेक वेळा एकाच प्रश्नात जातो: नक्की काय चालत नाही? हे शोधायला कोडिंग यावं लागत नाही. पथ्य एकच, कारण कळेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. घाबरून चार सेटिंग बदलली की मूळ बिघाड त्यांच्याखाली गाडला जातो.

आधी वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटावर, इन्कॉग्निटो विंडोत साइट उघडा. उघडली तर साइट ठीक आहे. घोळ तुमच्या नेटचा किंवा ब्राउझरच्या कॅशेचा, म्हणजे त्याने साठवलेल्या जुन्या पानांचा. कधी कधी पासवर्ड सारखा चुकल्यामुळे होस्टिंगची (साइट जिथे ठेवलेली असते त्या सेवेची) फायरवॉल, म्हणजे सुरक्षा-भिंत, मालकालाच बाहेर ठेवते!

नाही उघडली तर पडद्यावरचा संदेश नीट वाचा, स्क्रीनशॉट घ्या.

संदेशात ‘एनएक्सडोमेन’ (NXDOMAIN, म्हणजे या नावाचा पत्ता सापडत नाही) असेल, किंवा साइटच्या जागी भलत्याच जाहिराती दिसत असतील, तर आधी डोमेनवर, म्हणजे साइटच्या नावावर, संशय घ्या. ईमेलही थांबली असेल तर जास्तच. ‘हूइज’ (WHOIS, डोमेनच्या नोंदी दाखवणारी सेवा) शोधून नावाची मुदत कधी संपली ते पाहा. डॉट कॉम नाव मुदत संपल्याबरोबर हातचं जात नाही. रजिस्ट्रारची (नाव जिथून विकत घेतलं त्या कंपनीची) सवलतीची मुदत संपून नाव रद्द झालं, तरी ३० दिवस ते सोडवून घेता येतं, फक्त भुर्दंड पडतो. त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही घेता येतं. आणि रजिस्ट्रारकडचं खातं जुन्या डेव्हलपरच्या ईमेलवर असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते आपल्या नावावर करून घ्या.

‘कनेक्शन खासगी नाही’ असं दिसलं तर एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं प्रमाणपत्र, तपासा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं नेहमीचं मोफत प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. ते आपोआप नवं व्हायला हवं, पण ती सोय कधी कधी गुपचूप बंद पडते. हा संदेश एकाच कॉम्प्युटरवर येत असेल तर त्याचं घड्याळ पाहा. तारीख चुकीची असली तरी तो येतो.

संदेशात ५०३ हा आकडा असेल तर सर्व्हरवर ताण किंवा देखभालीचं काम. थोडं थांबा, मग होस्टिंगवाल्यांना विचारा.

५०० आला, किंवा ‘गंभीर त्रुटी’ असा मजकूर दिसला, तर दोष बहुधा साइटच्या आतच असतो. साइट वर्डप्रेसवर बनवलेली असेल तर अलीकडे अपडेट केलेलं प्लगइन (साइटला जोडलेली जादा सोय) हा पहिला संशयित. २०१९ मधल्या ५.२ आवृत्तीपासून अशा वेळी वर्डप्रेस अ‍ॅडमिनच्या ईमेलवर रिकव्हरी मोडची (बिघाड असतानाही अ‍ॅडमिनमध्ये शिरता येण्याची) लिंक पाठवतं, स्पॅमही चाळा. लिंक मिळाली नाही तर बॅकअप घ्या आणि होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये ‘प्लगइन्स’ फोल्डरचं नाव बदला. आता साइट उघडली तर चोर सापडल्यातच जमा. अ‍ॅडमिनमधलं प्लगइनचं पान एकदा उघडा, म्हणजे सगळी प्लगइन्स बंद झाल्याची नोंद होते. ही पायरी लोक हमखास विसरतात. मग फोल्डरला जुनं नाव द्या आणि एकेक प्लगइन सुरू करत जा. ज्याच्यावर साइट पुन्हा पडेल, तेच दोषी.

एवढं करूनही अडलंच तर मदत मागताना चार गोष्टी लिहा: किती वाजल्यापासून बंद आहे, संदेशाचा स्क्रीनशॉट, त्याआधी शेवटचा बदल कोणता केला, आणि वरीलपैकी काय करून पाहिलं. स्वतःचा पासवर्ड मात्र पाठवू नका. मदत करणाऱ्यासाठी वेगळा युजर बनवा आणि काम झालं की त्याच दिवशी काढून टाका.