एक बफर, दोन पत्ते: सी लायब्ररीतले स्टॅटिक पॉइंटर कसे सांभाळावेत

लॉगमध्ये ‘कुठून’ आणि ‘कुठे’ या दोन्ही रकान्यांत एकच आयपी पत्ता दिसला, की मी राउटरकडे बघतसुद्धा नाही. सरळ कोडमध्ये इनेट-एनटोए, म्हणजे आयपी पत्त्याचा मजकूर करून देणारं फंक्शन, शोधते. बहुतेक वेळा एकाच प्रिंटएफमध्ये ते दोनदा कॉल केलेलं सापडतं. दोन्ही कॉल एकाच स्टॅटिक बफरचा (लायब्ररीने स्वतःकडे राखलेल्या, दर कॉलला पुन्हा वापरल्या जाणाऱ्या जागेचा) पॉइंटर देतात, आणि प्रिंटएफ छापायला घेईपर्यंत एक पत्ता पुसलेला असतो. कुठला, तेही नक्की नाही. कुठलं आर्ग्युमेंट आधी काढायचं याचं बंधन सी भाषेत नाही. इथे इनेट-एनटॉप वापरा आणि बफर आपला द्या: आयपीव्ही४ला १६ बाइट, आयपीव्ही६ला ४६.

वेळेची फंक्शन्स जास्त दगाबाज. लोकलटाइम (स्थानिक वेळ देणारं) आणि जीएमटाइम (यूटीसी देणारं) यांनी एकच स्ट्रक्ट वापरली तरी सी भाषेच्या स्टँडर्डला चालतं, आणि ग्लिबसी ही लिनक्सवरची सी लायब्ररी तेच करते. दोन्हींचे पॉइंटर घेऊन मग भारतीय वेळ आणि यूटीसी यांतला फरक काढलात, तर साडेपाच तासांऐवजी शून्य मिळेल. मध्येच लॉग लिहिणारं फंक्शन आलं आणि त्याने आतून लोकलटाइम कॉल केलं, तरी तुमची वेळ गेलीच. त्याऐवजी लोकलटाइम-आर वापरा, त्याला स्ट्रक्ट आपण देतो. थ्रेड सुरू करण्याआधी एकदा टीझेडसेट (टाइमझोन ठरवणारं फंक्शन) कॉल करा, कारण ते काम लोकलटाइम-आर करेलच असं नाही. विंडोजच्या लोकलटाइम-एसमध्ये आर्ग्युमेंट्स उलट्या क्रमाने येतात, तेवढं बघा. वेळेचा मजकूर करून देणाऱ्या एएससीटाइमला तर हातच लावू नका. सी२३ या स्टँडर्डने ते डेप्रिकेटेड, म्हणजे ‘यापुढे वापरू नये’ असं, ठरवलंय. एसटीआरएफटाइम आहे की!

‘कॉपी करून ठेवली की झालं’ हे वेळेच्या स्ट्रक्ट टीएमपुरतं ठीक. यूजरची माहिती देणाऱ्या गेटपीडब्ल्यूनॅमच्या स्ट्रक्टमध्ये नाव, होम डिरेक्टरी, शेल हे सगळे पॉइंटरच असतात. स्ट्रक्ट कॉपी केली तरी ते त्याच जुन्या बफरकडे बोट दाखवतात. हवी ती फील्ड एसटीआरडुपने (मजकुराची वेगळी कॉपी करून) उचला, नाहीतर गेटपीडब्ल्यूनॅम-आर घ्या. ईरेंज (बफर लहान पडला) ही एरर आली तर बफर दुप्पट करून पुन्हा कॉल करा. परतावा शून्य आणि रिझल्ट नल, म्हणजे तो यूजर नाही. ती एरर नव्हे.

आणि हो, लायब्ररीच्या स्टॅटिक बफरचा कुठलाच पॉइंटर फ्री करायचा नाही. एसटीआरडुपची कॉपी मात्र करायची.

व्हॅलग्राइंड किंवा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या टूल्सच्या भरवशावर राहू नका. मेमरी वैध असते, फक्त मजकूर दुसऱ्याचा असतो. ती गप्प बसतात. त्यापेक्षा सोर्सवर ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) चालवून या फंक्शन्सची नावं शोधा. सोर्स हाताशी नसेल तर ऑब्जेक्ट फाइलवर एनएम चालवून बाहेरून घेतलेल्या फंक्शन्सची यादी काढा. लिनक्सच्या मॅन पानात शेवटी-शेवटी थ्रेड सुरक्षेचा तक्ता असतो. लोकलटाइमपुढे तिथे ‘अनसेफ’ आहे, पण इनेट-एनटोएपुढे ‘सेफ’! ग्लिबसीमध्ये प्रत्येक थ्रेडला त्याचा वेगळा बफर मिळतो, म्हणून. एकाच थ्रेडमधल्या दोन कॉलना त्याचा काडीचा उपयोग नाही, तेव्हा तक्त्यावर न थांबता वरचं वर्णनही वाचा.